नंदाखालच्या सिस्टर आणि रोमचा नियम

वसईला जाणारे बहुतेक जण किल्ला बघून, चिमाजी अप्पांना नमस्कार करून परततात. मी या वेळी किल्ल्याकडे फिरकलेच नाही. स्टेशनातून पश्चिमेची बस धरली आणि निर्मळमार्गे नंदाखालला उतरले. टॉवरांची रांग संपली की रस्ता एकदम अरुंद होतो. दोन्हीकडे केळीच्या वाड्या आणि पानवेली, नाक्यानाक्यावर चुन्यानं रंगवलेला क्रूस आणि त्याला सकाळीच घातलेला झेंडूचा हार. निर्मळला शंकराचार्यांची समाधी आणि चर्च, दोन्ही एकाच गावात. तळ्याच्या काठी उतरायचा मोह झाला होता, पण वेळ ठरलेली होती.

भेटायचं होतं माझ्या मैत्रिणीच्या आतेला. ती धर्मभगिनी, म्हणजे नन. उत्तरेत एका मिशन हॉस्पिटलात आयुष्यभर बाळंतपणं केली, आता वय झालं म्हणून भावाकडे महिनाभर राहायला आली होती. तिला घरातले सगळे 'सिस्टर'च म्हणतात, सख्खा भाऊसुद्धा.

सिस्टर पडवीत बसून राजेळी केळी उलटवत होत्या. सोललेली केळी चटईवर उन्हात घालायची, रोज परतायची, मग त्यांची सुकेळी होतात. प्रत्येक केळं अंगठ्यानं हलकेच दाबून बघायच्या आणि पुटपुटायच्या, "अजून ओलं आहे." मला वाटलं, पोट तपासायलाही हाच अंगठा वापरला असेल. विचारलं, तर आतून लाकडाची एक नळी घेऊन आल्या. एक तोंड कर्ण्यासारखं पसरट, दुसऱ्या टोकाला कान टेकायला चकती. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची नळी. कानाकडची बाजू घासून गुळगुळीत झालेली. "लाईट गेली तरी ही चालायची," म्हणाल्या, "आणि आमच्याकडे लाईट जायचीच."

मी गेले होते ते एका प्रश्नासाठी. अ‍ॅना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरबद्दल वाचत होते. तिनं १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली. पण एवढ्या जुन्या चर्चमध्ये, नन्सचे शेकडो संघ असताना, डॉक्टर नन्ससाठी आणखी एक संघ काढायची वेळ का यावी?

सिस्टर हसल्या. "अगं, ननला डॉक्टरकी करायची बंदीच होती. बाळंतपण तर नाहीच नाही."

तेव्हा धागा जुळला. धर्मगुरूंना वैद्यकी करायला चर्चची जुनीच मनाई होती, १९१७ च्या चर्च-कायद्यातही ती राहिली, आणि व्रतं घेतलेल्या नन्सच्या संघांनाही तोच कायदा लागू होता. रावळपिंडीत पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. अडलेली बाई घरातच दगावायची. अ‍ॅग्नेस मॅक्लरेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी तिथे बायकांचं हॉस्पिटल उभं करायला पुढाकार घेतला. सत्तरी ओलांडलेल्या या बाई स्वतः हिंदुस्थानात येऊन गेल्या. रोमकडे त्यांचं एकच मागणं होतं: नन्सना डॉक्टर होऊ द्या. ते मान्य होण्याआधीच १९१३ मध्ये त्या वारल्या. डेंगेलशी त्यांचा पत्रव्यवहार होता, भेट मात्र झालीच नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात काम करायचं तर ब्रिटिश पदवी हवी, म्हणून डेंगेल तेव्हा ब्रिटिश राज्यात असलेल्या आयर्लंडमध्ये कॉर्कला शिकली, १९१९ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी रावळपिंडीला पोचली.

तिथे तिला कळलं की एकट्या डॉक्टरनं हे रेटणार नाही. आज आहे, उद्या आजारी पडली की दवाखान्याला कुलूप. मागे माणसांची फळी हवी, आणि आयुष्य देणारी फळी म्हणजे संघ. पण संघात गेलं की स्टेथोस्कोप खाली ठेवायचा. मग अमेरिकेत फादर मायकेल मॅथिस यांच्या मदतीनं तिनं वाट काढली. ३० सप्टेंबर १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये दोन डॉक्टर आणि दोन नर्स, अशा चौघी एकत्र राहू लागल्या. राहणी नन्सची, पण जाहीर व्रतं नाहीत. व्रतं नाहीत, म्हणून मनाईही लागू नाही. पुढे ११ वर्षांनी, १९३६ मध्ये, रोमनं बंदी उठवली.

या बाईला संत वगैरे म्हणण्याआधी मी तिला उत्तम वकील म्हणेन.

एक मात्र खटकतं. ही गोष्ट सांगताना आपल्याकडच्या बायका फक्त पडद्याआड कण्हताना दिसतात. डेंगेल रावळपिंडीला उतरली तेव्हा रखमाबाईंना सुरत-राजकोटात डॉक्टरकी करून पाव शतक होत आलं होतं. आणि कल्याणच्या, म्हणजे इथून खाडीनं फार लांब नसलेल्या गावच्या आनंदीबाई १८८६ मध्येच फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. त्याही हेच सांगत गेल्या की बायकांना बाई डॉक्टर हवी. गंमत म्हणजे डेंगेलच्या संघाचं अमेरिकेतलं मुख्य घर पुढे फिलाडेल्फियातच झालं. हे मी सिस्टरांना सांगितलं. आनंदीबाई त्यांना शाळेत होत्या, फिलाडेल्फिया नव्हतं.

"तुम्ही का नाही झालात डॉक्टर?" मी विचारलं.

"बंदी उठली होती गं तोवर. पण घरात सहा भावंडं, वाडी पावसावर. कॉन्व्हेंटनं नर्सिंगला पाठवलं, गेले." मग चटईकडे बघत म्हणाल्या, "आता मुली कॉन्व्हेंटात येतच नाहीत. शिकायला कॉन्व्हेंट लागत नाही ना. आमची भाचीच बघ, एमबीबीएस झाली."

भाची आतच होती, मोबाईल चार्जिंगला लावून अभ्यासाला बसलेली. फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि चहा तिनंच आणून दिला. सिस्टर म्हणाल्या, विचार तिला, गावात दवाखाना टाकणार का.

विचारलं.

"आधी पीजीला नंबर लागू दे," ती म्हणाली. "आणि गायनॅक नको. रात्रीची झोप नाही."

सिस्टरांनी पुढचं केळं उलटवलं. "झोप," त्या म्हणाल्या, "ती मलाही आवडायची."