तीन फासे, आणि वरचढ कुणीच नाही

तांबड्या फाशावर ३, ३, ३, ३, ३, ६. निळ्यावर २, २, २, ५, ५, ५. हिरव्यावर १, ४, ४, ४, ४, ४. तिन्हींची बेरीज २१, म्हणजे सरासरी सारखीच, साडेतीन. तरी ३६ शक्यतांपैकी २१ वेळा तांबडा निळ्याला हरवतो आणि २१ वेळा निळा हिरव्याला. मग तांबडा हिरव्याला सहज हरवेल? उलट २५ वेळा हिरवाच जिंकतो! कारण सोपं आहे: हिरव्याचा ४ तांबड्याच्या ३ वर मात करतो, आणि दोन्ही फाशांवर हे आकडे पाच-पाच वेळा आहेत; ५×५ = २५. दगड-कागद-कात्रीच की.

म्हणून समोरच्याला आधी फासा निवडू द्यायचा. बरोबरी कधीच होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक रंगाचे दोन-दोन फासे टाकून बेरीज धरा, की चक्र उलटं फिरतं. निळा तांबड्याला १४४ पैकी ८५ वेळा हरवतो, हिरवा निळ्याला तितक्याच वेळा. तांबडा हिरव्याला हरवतो खरा, पण १२९६ पैकी ६७१ वेळा, जेमतेम ५१.८ टक्के, त्या जोडीवर पैज लावू नका.

साध्या फाशांवर कागदी स्टिकर चिकटवले तरी चालतं, पण सहाही बाजूंना एकाच जाडीचे लावा. आणि दहाच डाव खेळून निकाल लावू नका: ५८ टक्क्यांचा फासा दहा डावांत सहज मागे पडतो. शंभर तरी टाका.