साडेसहा फुटांचा खड्डा

आमच्या घरामागे एक न्हाणी होती. होती म्हणजे उभी होती, खरं ती घराची राहिली नव्हती. मे महिन्यात तिच्या आणि घराच्या भिंतीमध्ये माझा पंजा आरामात जायचा, आणि श्रावणात तीच फट मिटून दार असं घट्ट बसायचं की लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही. बांधताना गवंड्यानं अडीच फूट खणलं होतं. "आमच्या खानापुराकडं एवढंबी लागत नाही," म्हणाला होता. त्याचं खोटं नव्हतं. तिकडं दोन टिकाव मारले की जांभा लागतो. आम्ही राहतो बेळगावच्या वडगावात, शिवाराच्या कडेला. याच काळ्या मातीत बासमती पिकतो आणि भात काढल्यावर मसूर. पिकाला सोन्यासारखी माती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि वर जे काही उभं असेल त्याला उचलते, सोडते.

दिराचं लग्न ठरलं, मागे एक खोली काढायची झाली. नवरा गोव्याला वेर्ण्यात कामाला, शनिवारी रात्री येणार आणि रविवारी परत जाणार. म्हणून सगळं माझ्यावर आणि मामांवर, म्हणजे सासऱ्यांवर. महानगरपालिकेच्या परवानगीचं सांगत बसत नाही. अर्ज कन्नडात, चकरा चार, इतकंच.

पहिली गोष्ट मी हट्टानं करून घेतली. पाया आखायच्या आधी एकच चाचणीचा खड्डा. नवऱ्याच्या ओळखीच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं, "किती फूट ते मी सांगणार नाही. मुरूम लागेल तिथं थांबा, आणि आठ-नऊ फुटांतही लागला नाही तर मला फोन करा." तसं झालं असतं तर खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घालावे लागले असते. काळ्या मातीसाठी ही पद्धत रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं बसवली आहे. खर्चाच्या नावानं माझ्या पोटात गोळा आला होता.

खणणारे दोघे गोकाककडचे. वर दीड फूट जुना भराव, विटांचे तुकडे, एक फुटकं मडकं. मग काळी माती, कापली की लोण्यासारखी चकाकणारी. चार फुटांवर त्यांनी वर बघितलं, "साक्री अक्का," म्हणजे पुरे. मी म्हटलं, "इन्नू स्वल्प," अजून थोडं. हे दिवसभर चाललं. पाचाला माती पांढरट झाली, त्यात चुनखडीचे खडे. साडेसहाला पहार ठणकन वाजली आणि पिवळसर मुरूम निघाला. मामांनी तो हातात घेऊन चुरगाळला आणि काही न बोलता चहा सांगायला आत गेले.

खरी अडचण पुढं आली. जुन्या भिंतीचा पाया अडीच फुटांवरच संपतो, मातीत बसवलेले दगड. त्याला चिकटून साडेसहा फूट खणायचं म्हणजे आपल्याच घराखालची माती काढून घ्यायची. गवंडी म्हणाला, "वैनी, भिंतीला लागूनच कॉलम घेऊया, दोन दिवसांत भरून टाकतो." इंजिनिअरांनी ते साफ नाकारलं. त्यांनी आतले दोन कॉलम भिंतीपासून साडेचार फूट लांब घेतले आणि तिथून बीम भिंतीकडं झुलते सोडले. त्यामुळं बीम जाड झाले, सळई वाढली. जुन्या-नव्याच्या मध्ये एक इंच मोकळी जागा, त्यात थर्माकोल. आतले खड्डेही एकदम नाही; एक खणायचा, ओतायचा, भरायचा, मगच दुसरा. त्यात आठवडाभर जास्त गेला आणि गवंड्याचं तोंड रोज थोडं वाकडं होत गेलं.

भिंतीवर आधीपासून एक बारीक भेग होती. तिच्यावर इंजिनिअरांनी काचेची पातळ पट्टी सिमेंटनं दोन्ही टोकांना चिकटवली. भिंत जरा जरी हलली तर काच तडकणार. मामा सकाळी तोंड धुवायच्या आधी ती बघून यायचे.

दुसरा आतला खड्डा तयार, उद्या तळाचं काँक्रीट, आणि संध्याकाळी वळीव. असा आला की गल्लीतून पाणी वाहिलं. सकाळी खड्ड्यात गुडघाभर गढूळ पाणी आणि एक बाजू ढासळलेली. पंपानं पाणी काढलं, तळाला चिखल. गवंडी म्हणाला, "वरनं काँक्रीट टाकलं की बसतंय ते." इथं मी भांडले. वरचा मऊ थर खरवडून पुन्हा कडक मुरुमापर्यंत गेलो, चार इंच गेले असतील, आणि मगच 1:4:8 चं, म्हणजे एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी असं काँक्रीट पडलं. सळईच्या जाळीखाली तो खडीचे तुकडे ठेवत होता, मी जाळी तळापासून उचलून धरणारे 50 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आणून दिले. पाच-सहाशे रुपयांच्या वस्तूवरनं माणसं एवढी का कुरकुरतात, मला अजून कळलेलं नाही.

काळी माती परत खड्ड्यात एक बुट्टीही घातली नाही. शेजारच्या काकांनी शेतात नेली, उलट आभार मानले. भरावाला मुरूम, सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, परत थर. प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या बीमच्या, खाली वाळू, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. बाहेरून तीन फूट रुंद फरशी, उतार गटारीकडं. पाणी मारायचं काम मामांनी कुणालाच दिलं नाही. पोती पसरून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. नव्या खोलीचं दार बोटानं ढकललं तरी उघडतं. न्हाणी पाडली. दिवाळीच्या रंगाला पेंटरनं विचारलं, ही काच काढू का. मामा म्हणाले, "तिच्या कडेनं मार ब्रश."