तेवढ्या पैशात मफलर आला असता

काल रात्री एका साध्या वाक्याला सिनेमा थांबवला आणि लॅपटॉपसमोर तशीच बसून राहिले.

‘मेक वे फॉर टुमारो’. दिग्दर्शक लिओ मॅकॅरींचा, 1937 चा. घर बँकेकडे गेलेलं, म्हातारा एका मुलीकडे, म्हातारी मुलाकडे. सुनेचा ब्रिजचा, म्हणजे पत्त्यांच्या खेळाचा क्लास रंगलेला असताना म्हाताऱ्याचा फोन येतो. म्हातारी मोठमोठ्याने बोलते, लांबच्या माणसाशी बोलताना आपल्याकडची जुनी माणसं बोलायची तशीच. आधी सगळे अवघडतात. मग खेळ थांबतो, खोली गप्प होते. आणि ती त्याला म्हणते, फोनला एवढे पैसे कशाला घातलेस, तेवढ्यात छान उबदार मफलर आला असता.

माझी आई, अगदी माझी आई! रात्री अकरानंतर दर उतरले की एसटीडी बूथच्या रांगेत उभी राहून मी फोन लावायचे. समोर मीटरचे लाल आकडे पळायचे आणि तिकडून पहिलं वाक्य, “जेवलीस ना? मग ठेव आता, पैसे पडतायत.”

म्हातारीची ही भूमिका करताना ब्यूला बाँडी पन्नाशीचीही नव्हती. मी आज सत्तावन्नची आहे. 1937 च्याच ‘द ऑफुल ट्रुथ’साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा मॅकॅरी म्हणाले होते, चुकीच्या चित्रपटाला दिलंत. मला शंभर टक्के पटलं.

इतकी वर्षं हे काळे-पांढरे इंग्रजी सिनेमे आपले नव्हेत म्हणून बाजूला सारत आले. विशीत पाहिला असता, तर कदाचित सुनेचीच बाजू घेतली असती.

तुम्हाला असा उशिरा भेटलेला सिनेमा कोणता?