पुढच्या दिवाळीला मी नाही हां

मंगळवार, रात्री उशिरा

आत्याने आज पुन्हा माझ्या धाकट्या भावाबद्दल तेच सांगितलं. या वेळी समोरच्या काकूंना. मी आत कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांचं कारण कोणाला द्यावं लागलं नाही. "त्याला कळलं होतं हो. कंदील लावताना म्हणाला, पुढच्या दिवाळीला मी नाही हां." इथे तिचा आवाज नेमका बारीक होतो. काकूंनी पदर डोळ्याला लावला.

अगं, त्याची बंगळूरला बदली झाली होती! मी नाही म्हणजे रजा नाही, तिकीट नाही, कंदिलाची वायर तुमची तुम्ही जोडा. स्टूल मी धरलं होतं, मला माहीत आहे तो कोणत्या सुरात म्हणाला ते. चक्क चिडवत होता. त्यानंतर भाऊबीजेला जे काही... असो.

जेवण गेलं नाही. मग हेडफोन लावून 'स्केलेटन ट्री' ऐकत बसले. निक केव्ह हा गायक, त्याच्या 'निक केव्ह अँड द बॅड सीड्स' या बँडचा अल्बम, २०१६ चा. धाकट्याच्या यादीत सगळ्यात वर असायचा. काळं कुळकुळीत कव्हर, त्यावर जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर असायची तसली हिरवी अक्षरं. आठ गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. आपल्या डोंबिवली-दादर फास्टमध्ये बरोबर बसतो, असं तोच म्हणायचा.

या अल्बमची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जुलै २०१५ मध्ये केव्हचा मुलगा आर्थर ब्रायटनजवळ ओव्हिंगडीनच्या कड्यावरून पडून गेला. पंधरा वर्षांचा होता. वर्षभराने हा अल्बम आला. पहिलंच गाणं 'जीझस अलोन'. खाली खर्जात काहीतरी घरघरत असतं आणि पहिल्याच ओळीत कोणीतरी आकाशातून पडतं, एडूर नदीजवळच्या शेतात. ही नदी तिथलीच, ब्रायटनच्या जरा पश्चिमेला समुद्राला मिळते. मग केव्ह नुसता हाका मारत राहतो. हे ऐकून कोण म्हणेल की हे मुलाबद्दल नाही?

आणि ते मुलाबद्दल नाही. म्हणजे नव्हतं. रेकॉर्डिंग ब्रायटनमध्ये २०१४ च्या अखेरीस सुरू झालं होतं. बहुतेक गाण्यांचे शब्द आर्थर हिंडता-फिरता होता तेव्हाच लिहून झाले होते. नंतर फ्रान्समध्ये काम पुरं केलं, काही शब्द बदलले, पण आकाशातून पडणारा तो माणूस आधीचाच.

हे मला बरेच दिवस माहीत आहे. आज मात्र ते खुपलं. आत्याला मनात इतकी नावं ठेवली, आणि तेच मी या गाण्याचं करत आलेय. त्या ओळीत मला आर्थर दिसतो. खरं सांगायचं तर आर्थरही नाही दिसत.

आमची आजी तिन्हीसांजेला काही वाकडं बोलू द्यायची नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते. कोणी चुकून बोललंच तर लगेच "शुभ बोल रे नाऱ्या". आम्ही दोघं मुद्दाम बोलायचो, ती ओरडावी म्हणून. तिकडे इंग्लंडातही निराळं काही नाही. अँड्र्यू डॉमिनिक या दिग्दर्शकाने या अल्बमच्या वेळी एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा केला, तोही थ्रीडीत. मुलाखतींत तेच तेच सांगावं लागू नये म्हणून केव्हनेच तो करवून घेतला होता. (आपल्याकडे अशी सोय हवी. दारात आलेल्या प्रत्येकाला आधी सिनेमा दाखवायचा, मग चहा.) त्यात आर्थरची आई सूझी मुलाने लहानपणी काढलेलं पवनचक्कीचं चित्र दाखवते. ती पवनचक्की त्या कड्याच्याच बाजूची. आणि चित्राला फ्रेम काळी. काळी का केली, हे तिच्या मनातून जात नाही. त्या वेळी कोणीतरी दुकानात उभं राहून फ्रेमचा रंग पसंत केला असेल, संपला विषय. पण तिला आता ते तसं दिसतच नाही.

सूझीला मी क्षणात माफ केलं. आत्याला का करत नाही?

कारण आत्याला गोष्ट मिळाली आहे. सुरुवात, खूण, शेवट. लोक बसून ऐकतात, पाणी देतात. आईला विचारायला रोज कोणी ना कोणी येतं. मला ऑफिसात विचारतात, "आई कशा आहेत आता?" बहिणीचं काय, तिला तर सासर आहे, नोकरी आहे. माझ्याकडे एक स्टूल धरल्याची आठवण होती, तीही आता पंचक्रोशीत वाटून झाली.

हे लिहून वाचलं तर माझंच मला हसू आलं. स्टुलावरून भांडण! तो असता तर म्हणाला असता, वाटण्या करा, तीन पाय तुला, एक आत्याला.

आणि आत्या तरी काय वेगळं करतेय? २०१६ च्या सप्टेंबरात जगभरच्या रॉक समीक्षकांनी पानंच्या पानं लिहून जे केलं, तेच ती मराठीत, चहाबरोबर करते. केव्ह स्वतःसुद्धा म्हणतो की गाण्यांना पुढचं आधी कळतं. इतका मोठा कवी हे म्हणतो तर आमच्या आत्याने काय घोडं मारलंय. तिला अजून हे ठाऊक नाही की धाकटा असला काळ्या कव्हरचा अल्बम दिवसरात्र ऐकायचा. कळलं तर दुसरा पुरावा. सांगणार नाही. किंवा सांगेन, बघू.

तरी एक राहतंच. त्याला कळलं होतं असं मानलं की तो तयारीने गेला असं होतं. ते मला नको आहे. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. बंगळूरच्या घराचं डिपॉझिट भरलं होतं त्याने, नवी गादी मागवली होती. गादीचं पुढे काय झालं ते कोणाला विचारवत नाही. पण नुसतं "माहीत नव्हतं" एवढ्यावर मी किती दिवस काढणार, हेही कळत नाही. रात्री कधी वाटतं, आत्याचंच खरं असतं तर बरं.

सिनेमात केव्ह म्हणतो की काळ रबरासारखा झालाय, कितीही लांब गेलं तरी ताणून परत त्याच जागी आणतो. मला हे पटतं, पण मी अजून फार लांब गेलेच नाहीये, त्यामुळे ताण कुठला बसायला.

या अल्बममध्ये त्याचा आवाज कुठे कुठे तालाच्या मागे पडतो. नीट करून घेता आला असता, घेतला नाही. 'डिस्टंट स्काय'मध्ये एल्स टोर्प गायला लागते, ती डॅनिश सोप्रानो, तेव्हा मी बहुतेक वेळा पुढचं गाणं लावते. आज लावलं नाही.

केव्हचा 'घोस्टीन' हा अल्बम मात्र अजून ऐकलेला नाही. तो २०१९ चा, सगळा नंतर लिहिलेला. त्यात "हे आधीचंच होतं" म्हणायची सोय नाही. धाकट्याने सांगितलं होतं की आधी हा पूर्ण पचव, मग तो. डाउनलोड करून ठेवलाय. अडुसष्ट मिनिटांचा आहे. म्हणजे दादरला उतरायचं झालं तर मधेच तोडावा लागणार, आणि स्लो गाडी पकडायची तर मस्टर गाठायचं कसं.