तुम्ही विचारलंत म्हणून: इथं आधी नुसतं रानच होतं का?

हिवाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आईबाबा असोत की कामानिमित्त आलेले पाहुणे, अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या फिनिक्समध्ये मराठी माणूस भेटला आणि इथल्या मूळच्या लोकांबद्दल मी वाचत असते हे त्याला कळलं, की एक प्रश्न हमखास येतो. "गोरे लोक यायच्या आधी इथं काय होतं हो? नुसतं रानच ना?" कुणी जरा आदरानं विचारतं, "ते मूळचे लोक म्हणे निसर्गाला धक्का न लावता राहायचे. खरं का?"

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच, नाही. पहिल्या प्रश्नात ती माणसं मुळी नसतातच. दुसऱ्या प्रश्नात ती देव्हाऱ्यात बसलेली असतात. त्यांच्या हातून काही घडलं असेल, हे दोन्हीकडे कुणाच्या मनात येत नाही. माणसं उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांवर पंधरा-वीस हजार वर्षं तरी राहत आली आहेत. त्यांनी जमीन बदलली, आणि त्या बदललेल्या जमिनीनं त्यांच्या पणतू-खापरपणतूंचं जगणं बदललं. एका पिढीनं केलेलं काम पुढच्या पिढ्यांना निसर्ग म्हणूनच भेटतं. या विषयात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, म्हणून सविस्तर सांगते.

फिनिक्सपासूनच सुरुवात करू. इथं वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा ठिकाणी इ.स. ४५० ते १४५० अशी साधारण हजार वर्षं माणसं शेती करत होती. पुरातत्त्वज्ञ त्यांना होहोकाम म्हणतात. सॉल्ट आणि गिला या नद्यांचं पाणी त्यांनी कालव्यांनी शेतात आणलं. सगळ्या कालव्यांची लांबी मिळून शेकडो मैल भरते. कालव्याला उतार मैलामागे एक-दोन फुटांचा. उतार जास्त झाला तर पाणी काठ कापत जातं, कमी झाला तर गाळ साचून कालवा भरतो. लोखंड नाही, बैल नाही, चाकाची गाडी नाही. लाकडी खणत्या, दगडी अवजारं आणि माती वाहायला टोपल्या, एवढ्यावर हे काम झालं. दर पुरानंतर गाळ काढणं, नदीतला बंधारा वाहून गेला की नवा घालणं, वरच्या गावानं किती पाणी घ्यायचं आणि खालच्याला किती सोडायचं हे ठरवणं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या करावं लागलं असणार. कालवा एकदा खणून होत नाही, तो दरवर्षी राखावा लागतो, आणि राखायचा तर माणसांना एकमेकांशी बांधून राहावं लागतं. नदीनं त्यांचा समाज घडवला, असं मी म्हणते ते या अर्थानं.

त्या पाण्यावर मका, घेवडा, भोपळा, कापूस पिकत असे. जिथं कालव्याचं पाणी चढत नव्हतं, त्या कोरड्या उतारांवर त्यांनी दगडांचे छोटे छोटे ढीग रचले आणि त्यांच्या आधारानं घायपात लावलं. दगडांखाली ओल टिकते, शिवाय उंदीर-सशांना मुळं उकरता येत नाहीत. घायपाताचे गड्डे खड्ड्यात भाजून खात आणि पानांचा वाख काढत. अॅरिझोनातल्याच टूसॉन शहराच्या उत्तरेकडे असे हजारो ढीग आजही दिसतात. त्यांनी लावलेल्या घायपाताची एक जात तर अॅरिझोनात अजूनही जुन्या वस्त्यांच्या आसपास उगवते. कुणाला दाखवलं तर तो म्हणेल, वाळवंटातलं रानटी झाड.

१८६७ साली जॅक स्विलिंग नावाचा माणूस इथं आला. जमिनीत जुन्या कालव्यांचे चर त्याला स्पष्ट दिसले. त्यानं कंपनी काढली, जुनी वाट साफ करून पाणी सोडलं आणि त्या पाण्याभोवती आजचं फिनिक्स उभं राहिलं. आताच्या काही कालव्यांची आखणी त्या जुन्या वाटांनीच जाते. "इथं आधी काय होतं" याचं उत्तर असं आपल्या नळापर्यंत येऊन पोचलेलं आहे.

पण बैल का नव्हते? या प्रश्नासाठी खूप मागं जावं लागतं.

शेजारच्या न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स इथं कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मातीत माणसांच्या पावलांचे ठसे आहेत. २०२१ साली त्यांचं वय २१ ते २३ हजार वर्षं असल्याचं जाहीर झालं. आधी ते पाणवनस्पतीच्या बियांवरून काढलं होतं, त्यावर आक्षेप आले. मग परागकणांवरून आणि मातीतल्या गारगोटीच्या कणांवरूनही मोजणी झाली आणि आकडे जवळपास तेच निघाले. याच परिसरात एका माणसाच्या पावलांची लांबच लांब रांग सापडली आहे, दीड किलोमीटर जाणारी आणि तशीच परतणारी. जाताना मधूनमधून लहान मुलाचीही पावलं उमटतात, म्हणजे कडेवरचं मूल थोडा वेळ खाली ठेवलेलं. परत येताना मुलाची पावलं नाहीत. मधल्या वेळात तीच वाट एका मॅमथनं आणि एका महाकाय स्लॉथनं (जमिनीवर राहणारा, आता नामशेष झालेला केसाळ प्राणी) ओलांडली आहे.

त्या काळात इथं मॅमथ आणि मॅस्टोडॉन हे हत्तीचे नातलग होते, उंट होते, घोडे होते, बैलाएवढे स्लॉथ होते. घोडा आणि उंट तर मूळचे उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झालेले. साधारण १३ ते १० हजार वर्षांपूर्वीच्या काळात यातले बहुतेक सगळे नाहीसे झाले. अॅरिझोनातल्या नाको इथं १९५२ साली एका मॅमथच्या सांगाड्यात आठ दगडी भाल्याची टोकं सापडली. क्लोव्हिस म्हणतात त्या घडणीची ही टोकं सुमारे १३ हजार वर्षं जुनी. टूसॉनच्या विद्यापीठातले पॉल मार्टिन यांनी मग ठामपणे मांडलं, की माणसानंच शिकार करून हे प्राणी संपवले. दुसरी बाजू म्हणते की हिमयुग संपताना हवामान इतकं झपाट्यानं बदललं की त्यांची कुरणंच गेली.

मला स्वतःला नुसत्या हवामानाचं कारण पुरेसं वाटत नाही. याआधीही हिमयुगं आली आणि सरली, त्यातून हे प्राणी तगले होते. या वेळी नवीन काय होतं, तर माणूस. पण माणूस आला आणि त्यानं सपाटाच लावला, हेही पटत नाही. व्हाइट सँड्सचे ठसे खरे असतील, तर माणसं आणि मॅमथ हजारो वर्षं एकत्र नांदले होते. हत्तीसारखा प्राणी कित्येक वर्षांनी एखादं पिल्लू देतो. कुरणं आटून कळप आधीच विरळ झाले असतील, तर वर्षाला थोडी शिकारसुद्धा त्यांना पुरून उरते. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबरी डबक्यांमधली हाडं आणि जवळच्या तळ्याच्या गाळातला कोळसा यांचा मेळ घालून २०२३ साली एक अभ्यास आला. त्यात दिसतं, की सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी हवा तापत आणि कोरडी होत असतानाच वणवे एकदम वाढले आणि त्याच सुमारास तिथले मोठे प्राणी गेले. वणवे लावणारे हात माणसाचेही असावेत, असं ते संशोधक म्हणतात. मला हे चित्र विश्वासार्ह वाटतं. दोन्ही कारणं एकमेकांत इतकी गुंतलेली की वेगळी काढताच येऊ नयेत.

परिणाम मात्र स्पष्ट आहे. घोडा गेला, उंट गेला, आणि पुढची दहा हजार वर्षं या खंडांवर नांगर ओढायला जनावर नव्हतं. अँडीज पर्वतात लामा आणि अल्पाका उरले, ते माणसाळले, पण लामा ओझं वाहतो, नांगर ओढत नाही. बाकी ठिकाणी कुत्रा आणि टर्की. पहिल्या शिकाऱ्यांच्या काळात जे घडलं, त्याचा भार फिनिक्सचा कालवा खणणाऱ्यांनी डोक्यावरच्या टोपलीतून वाहिला.

जनावरांच्या बाबतीत हात रिकामे राहिले, तसे वनस्पतींच्या बाबतीत राहिले नाहीत. मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचं गवत उगवतं. त्याच्या कणसात पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाण्यावर दगडासारखं कवच. हाच मक्याचा पूर्वज, हे आज जनुकांवरून सिद्ध झालं आहे. त्या खोऱ्यातल्या एका कपारीत ८,७०० वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्या-वरवंट्यांवर मक्याचे सूक्ष्म अवशेष मिळाले. तिथून मका उत्तरेकडे सरकत सुमारे चार हजार वर्षांपूर्वी अॅरिझोना-न्यू मेक्सिकोत पोचला. दरवर्षी कुणीतरी, बहुधा बायकाच, चांगलं कणीस बियाण्याला बाजूला ठेवत असणार. अशा हजारो वर्षांच्या निवडीतून जे पीक तयार झालं, ते माणसावाचून जगूच शकत नाही. कणसाचे दाणे सुटून पडत नाहीत, सोलून पेरावे लागतात. आणि मक्याची सवय झालेला माणूसही मग शेतापासून फार लांब जाऊ शकत नाही. कुणी कुणाला माणसाळवलं, हे इथं मी ठामपणे सांगणार नाही.

आता अॅमेझॉन. "निदान ते तरी अस्पर्श जंगल असेल ना?" हेही मला अनेकदा विचारतात.

बोलिव्हियात यानोस दे मोहोस नावाचं विस्तीर्ण मैदान आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं. त्या गवताळ सपाटीवर झाडांची हजारो बेटं आहेत, आसपासच्या जमिनीपेक्षा थोडी उंच. त्यातली अनेक माणसांच्या वस्तीनं तयार झाली आहेत. राख, शिंपले, उष्टं-खरकटं साचून जमीन वर आली आणि सुपीक झाली, मग तिथं झाडं वाढली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथले लोक कसावा आणि भोपळा लावत होते. आज उपवासाला आपण जो साबुदाणा खातो, तो याच कसावाच्या कंदापासून बनतो. पोर्तुगीज व्यापाराबरोबर हे पीक आपल्याकडे आलं. त्याच्या कडू जातींत विष असतं. किसून, पिळून, भाजून ते काढायची रीत दक्षिण अमेरिकेतल्या माणसांनी शोधली, आणि तो शोध मला मक्याइतकाच थोर वाटतो.

याच मैदानात पुढे, इ.स. ५०० ते १४०० च्या दरम्यान, मातीचे चौथरे, वीस मीटरहून उंच मातीच्या शंकूसारख्या टेकड्या, कालवे आणि सरळसोट रस्ते असलेल्या वस्त्या होत्या. आकाशातून लेझर सोडून झाडांखालची जमीन मोजली, तेव्हा २०२२ साली त्यांचा नकाशा जगापुढे आला.

ब्राझीलमध्ये जागोजागी काळ्या मातीचे पट्टे आहेत. अॅमेझॉनची मूळ माती तांबूस-पिवळी आणि निकस, पावसानं धुतलेली. ही काळी माती कोळसा, हाडं, खापराचे तुकडे, राख मिसळून बनलेली आहे आणि शेकडो वर्षांनंतरही तिचा कस टिकून आहे. शिंगू नदीच्या खोऱ्यातले कुइकुरो लोक आजही घरामागं राख आणि कसावाचा चोथा टाकत अशी माती मुद्दाम तयार करतात. जुन्या वस्त्यांतल्या मातीची रचना तशीच आढळते. म्हणजे जंगलाला त्यांनी हात लावला होता, आणि हात लावल्यानं ती जमीन कसदार झाली.

मग सगळं चांगलंच झालं का? तसंही नाही. तळी आटली, कालव्यांत पूर आले, गावं ओस पडली. पण 'त्यांनी झाडं तोडली आणि म्हणून बुडाले' ही गोष्ट आपण फार पटकन स्वीकारतो. मिसिसिपी नदीकाठच्या काहोकिया या जुन्या शहराचंच घ्या. इ.स. ११०० च्या सुमारास तिथं दहा-वीस हजार माणसं राहत असावीत, १३५० नंतर ते शहर ओस पडलं. लाकूडतोडीनं डोंगरउतार धुपले, पूर वाढले, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०२१ साली तिथल्या एका टेकाडापाशी खणून पाहिलं, तर त्या काळची जमीन स्थिर होती, पुराच्या गाळाचे थर नव्हतेच. आपल्या काळाची भीती आपण त्यांच्यावर लादत होतो.

'नुसतं रान' हे चित्र आलं कुठून, तेही सांगते. १४९२ नंतर देवी, गोवर यांसारख्या साथी, गुलामगिरी आणि युद्धांनी कित्येक ठिकाणी दहातली नऊ माणसं गेली. शेतं पडीक झाली, चौथऱ्यांवर झाडं वाढली, दरवर्षी आग लावून मोकळी ठेवलेली कुरणं दाट झाली. दोनशे-अडीचशे वर्षांनी आलेल्या प्रवाशांनी ते पाहिलं आणि आदिम अरण्य म्हणून लिहून ठेवलं. विल्यम डेनेव्हन या भूगोलतज्ज्ञांनी १९९२ साली हे नेमकेपणानं मांडलं. वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो, त्यातलं काही म्हणजे उजाड झालेली गावं आहेत.

आणि हो, होहोकाम "नाहीसे झाले" असंही म्हणू नका. फिनिक्सच्या दक्षिणेला राहणारे अकिमेल ओओधाम त्यांना आपले पूर्वज मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नवीन वसाहतवाल्यांनी गिलेचं पाणी वरच्या अंगाला वळवलं, ओओधामांची शेतं करपली, उपासमार झाली. २००४ च्या कायद्यानं त्यांचा पाण्यावरचा हक्क मान्य झाला आणि आज त्यांच्या जमिनीवर पुन्हा कालवे वाहतात. पुढच्या खेपेला याल तेव्हा विमानतळाजवळच्या सेडाव वाअकी संग्रहालयात जा, तिथं जुन्या कालव्याचे अवशेष उघड्यावर बघता येतात. येताना ओओधाम शेतकऱ्यांनी पिकवलेला टेपरी घेवडा मिळाला तर जरूर घ्या. हा दाणा एक-दोन पावसांवर येतो, होहोकामही तो लावत. रात्रभर भिजवा, राजम्यापेक्षा जास्त वेळ शिजू द्या, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून उसळ करा.