मंदी आली की माझा फोन वाजतो

परवा कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, गेटवर वही भरत होतो, नाव, गाडी नंबर, कुणाला भेटायचं वगैरे, तर वॉचमन म्हणाला, काका तुम्ही अजून टेलिफोनचंच करताय व्हय? आता कोण बसवून घेतंय फोन? मी म्हटलं अरे बाबा तेच करतोय, फक्त आता वायर ओढावी लागत नाही. त्याला काही पटलं नाही बहुतेक. पण ते डोक्यात राहिलं म्हणून आज लिहायला बसलोय.

माझा धंदा ईपीएबीएक्सचा. नव्या पोरांसाठी सांगतो, ऑफिसात भिंतीवर एक खोकं असायचं, बाहेरनं टेलिफोनच्या चार-आठ लाईनी त्यात यायच्या आणि आत पन्नास-साठ एक्स्टेंशन जायची, शून्य दाबला की बाहेरची टोन, नऊ दाबला की ऑपरेटर ताई. उद्यमनगरातल्या एका गाळ्यातनं मी १९९८ पासून ही खोकी विकली, बसवली, उघडली, पुसली. मे महिन्यात वळवाचा पहिला दणका बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून लोकांचे फोन सुरू, काका, आतले सगळे फोन मेलेत बघा. जाऊन झाकण काढायचं, जळका वास नाकात शिरायचा, एक्स्टेंशन कार्डाचा एक कोपरा काळा पडलेला असायचा, लाईनीवरनं वीज आत घुसलेली. नवीन कार्ड टाकायचं, बिल करायचं. म्हणजे आज मी क्लाउडवर (इंटरनेटवरनं भाड्यानं मिळणाऱ्या फोन सिस्टीमवर) जगतो असं लोक चेष्टेनं म्हणतात, पण तसं बघितलं तर माझं पोट तेव्हापण ढगावरच होतं.

तर मुद्दा असा की ह्या २५-२७ वर्षांत मी एक गोष्ट बघितली. धंदा जोरात असताना कोल्हापुरातला कुठलाही मालक फोनची सिस्टीम बदलत नाही. शेड्यूल, म्हणजे गिऱ्हाइकांच्या ऑर्डरींचं वेळापत्रक, भरलेलं असतं, भट्ट्या तीन पाळ्यांत चालू असतात, कुणाला वेळ आहे? फोनचं बिल अकाउंटंट भरतो, मालक सही करतो, संपलं. मालक ते बिल हातात घेऊन वाचायला कधी लागतो तर शेड्यूल निम्म्यावर आल्यावर.

पहिल्यांदा हे २००८ ला बघितलं. १५ सप्टेंबरला तिकडं अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि दिवाळीपर्यंत इकडं शिरोलीत साच्यांवर धूळ बसायला लागली, आता बँक न्यूयॉर्कची आणि सुतक आम्हाला, पण गाड्यांचं आणि ट्रॅक्टरचं कास्टिंग करणाऱ्या गावाचं असंच असतं. माझं एक मोठं कोटेशन ऑगस्टमध्ये पास झालेलं, साठ एक्स्टेंशनचं, ॲडव्हान्स तेवढा यायचा होता. नोव्हेंबरात आप्पांनी (मालकांना सगळे आप्पाच म्हणायचे) चहा पाजला आणि म्हणाले, ते राहू दे आता. जानेवारीत परत बोलावलं तर टेबलावर वर्षभराची बिलं पसरलेली. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला केलेल्या आयएसडी कॉलना पेनानं गोल केलेलं. म्हणाले, ते कॉम्प्युटरवरनं फुकट बोलतात म्हणं, ते दाखव. स्काईप २००३ पासून होतं की, पाच वर्षं त्यांच्या पुतण्यानं सांगून सांगून तोंड दुखवून घेतलेलं, पण आप्पांच्या कानात ते मंदीनंच घातलं. तीनशे रुपयांचा हेडसेट आणला मी. माझं सव्वादोन लाखाचं कोटेशन गेलं आणि तीनशेचा हेडसेट विकला गेला, त्यावर माझे सुटले वीस रुपये.

तेव्हा क्लाउड हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नव्हतं. ॲमेझॉननं २००६ मध्ये सर्व्हर भाड्यानं द्यायला सुरुवात केलेली आणि फोन कॉल सॉफ्टवेअरनं जोडून देणारी ट्विलिओ त्याच २००८ साली तिकडं सुरू झाली, हे मला सगळं फार नंतर कळलं. त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे ॲस्टेरिस्कची. अमेरिकेत अलाबामात मार्क स्पेन्सर नावाचा पोरगा, १९९९ ची गोष्ट, स्वतःची छोटी कंपनी काढली आणि ऑफिसला फोनची सिस्टीम घ्यायला पैसे नाहीत, म्हणून पठ्ठ्यानं साध्या कॉम्प्युटरवर चालणारं एक्स्चेंज स्वतःच लिहिलं आणि फुकट वाटलं. पुढं कितीतरी इंटरनेट फोनच्या सिस्टीम त्याच्यावर उभ्या राहिल्या. आमच्या उद्यमनगरात जन्मला असता तर लेथवर काहीतरी केलं असतं त्यानं, जात तीच.

पण खरी गंमत २०१९ ची. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली, आणि त्याच महिन्यात पंचगंगेचा महापूर, पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद. ऑर्डर नाही आणि जी आहे ती पाठवायला रस्ता नाही. आप्पांच्या जागी आता मुलगा बसायला लागलेला, आम्ही दादा म्हणतो. पुरानंतर त्यांचं जुनं खोकं (ते मीच २००१ ला बसवलेलं) ओल लागून गेलं ते गेलंच. मी नवीन खोक्याचं कोटेशन दिलं आणि त्याच कागदाच्या मागं पेनानं दुसरा हिशोब लिहिला, क्लाउडचा. खोकं नाही, वायर नाही, एक नंबर घ्यायचा, फोन आला की आवाज विचारतो सेल्स पाहिजे का डिस्पॅच, आणि त्या त्या माणसाच्या मोबाईलवर रिंग जाते. माणशी दरमहा भाडं, त्यांचं सगळं मिळून महिन्याला साताठ हजार.

मी इमानदारीत सांगितलं, दादा, पाच वर्षांचा हिशोब केला तर हे महाग पडतंय. दादा म्हणाले, काका, पाच वर्षांनी आपण असू का नाही ते सांगा आधी.

ह्याच्यावर काय बोलणार. बँकेची सीसी (धंद्याच्या खर्चासाठीची उचल) फुल्ल, गिऱ्हाइकाचं पेमेंट नव्वद दिवसांनी, त्यात दोनअडीच लाख एकदम भिंतीला टांगायला कुणाकडं असतात? साताठ हजार मात्र कुठनं तरी निघतात. शिवाय चार माणसं कमी केली तर पुढच्या महिन्यात चार माणसांचं भाडं कमी. पूर्वी मोठ्या ऑफिसात पीआरआय लाईन असायची, एका वेळी ३० कॉल चालतील एवढी, भाडं तिसांचं आणि बोलतोय कोण तर तिघं. मंदीत ही असली रिकामी खुर्ची डोळ्यात खुपते, एरवी दिसत पण नाही.

सुरुवातीचा आवाज रेकॉर्ड करायचा होता. वहिनींचा आवाज चांगला म्हणून त्यांनाच बसवलं, पण काम कमी असलं तरी फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करतात तिथं) ग्राइंडर चालूच, नमस्कार म्हटलं की मागं कर्रर्र. केबिनचं दार लावलं, खिडकीला पोतं लावलं, काही उपयोग नाही. शेवटी पार्किंगमध्ये गाडीत काचा वर करून, एसी बंद करून, ऑक्टोबरच्या उन्हात वहिनींनी सहा टेक दिले. सेल्ससाठी एक दाबा. अजून तोच आवाज चालू आहे, नीट ऐकलं तर शेवटी गाडीचं दार उघडल्याचा खट्ट ऐकू येतो.

आणि पहिल्या आठवड्यानंतर तो रिपोर्ट आला. किती फोन आले, किती उचलले, किती सुटले, वेळेसकट. दुपारी एक ते दोनमध्ये अकरा फोन सुटलेले. जेवणाची सुट्टी! अठरा वर्षं त्या तासात फोन वाजत असणार आणि ते खोकं बिचारं कुणाला सांगत नव्हतं. दादांनी अकराही नंबरांना स्वतः फोन लावला, बहुतेक बँकेचे, एक वाळू सप्लायर, पण एक सांगलीचा नवीन माणूस निघाला, पंपाच्या बॉडीची चौकशी होती, दुसरीकडं देऊन बसला होता तो. त्या दिवसापासून जेवण दोन पाळ्यांत. भाडं परवडतं म्हणून लोक क्लाउडवर गेले हे खरंच, पण मला विचाराल तर ह्या रिपोर्टनं जास्त खरेदी घडवली. पन्नास ऑर्डरी असताना सुटलेला फोन कोण मोजतंय?

मग २०२० चा मार्च. ते सगळ्यांनीच बघितलंय, लांबवत नाही. ज्यांच्याकडं खोकं होतं त्यांचे फोन बंद ऑफिसात वाजत राहिले आणि दादांचा फोन कळंब्यात स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर वाजला. झूमवर रोज मीटिंगला येणारे २०१९ च्या डिसेंबरात एक कोटी होते ते एप्रिलमध्ये तीस कोटी झाले (कंपनीनं आधी तीस कोटी युजर म्हटलं, मग दुरुस्त करून मीटिंगमधले सहभागी म्हटलं, एकच माणूस पाच मीटिंगला बसला तर पाच धरायचा, आमच्या सोसायटीच्या गणपतीची गर्दी पण अशीच मोजतात). फुकटातली मीटिंग ४० मिनिटांत आपोआप बंद पडते ही सोय मात्र आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकांना कायमची लावायला पाहिजे. सरकारनंपण हात सैल केला, ५ नोव्हेंबर २०२० ला दूरसंचार विभागानं कॉल सेंटरवाल्यांचे नियम मोकळे केले, त्याआधी घरून काम द्यायचं तर बँक गॅरंटी वगैरे भानगडी होत्या. ते वर्षानुवर्षं मागत होते, आणि झालं कधी तर सगळं गाव घरात बसल्यावर.

माझं काय झालं विचाराल तर एएमसी, म्हणजे खोक्यांच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट, संपली. वळीव येतो जातो, माझा फोन वाजत नाही. आता मी कमिशनवर आहे, आणि ते कमिशन कंपनीच्या मनात येईल तसं बदलतं. एका कंपनीनं दुसऱ्याच वर्षी दर वाढवला, मी तक्रार केली तर तिकीट नंबर दिला. माझ्या गिऱ्हाइकाला मी कधी तिकीट दिलं नाही, बुलेट काढून गेलो. आणि इंटरनेटवर चालणारे टेबलावरचे फोन घेतलेत त्यांना जेसीबीची भीती, रस्त्याकडेला एक बकेट मारली की केबल तुटून अख्खी लाईन मुकी.

एक मात्र सांगून ठेवतो, कुणी घेणार असाल तर. क्लाउडवाल्यांनी दिलेला नवा नंबर पाटीवर, पावतीवर, ट्रकवर छापायच्या आधी विचारून घ्या की उद्या सोडून गेलो तर हा नंबर माझा का तुमचा. बऱ्याचदा तो त्यांचाच असतो. आपला जुना नंबर असेल तर तोच छापा आणि तो नव्यावर फॉरवर्ड करा, थोडा खर्च जास्त येतो पण नाडी आपल्या हातात राहते. हे मी दोघांच्या बाबतीत उशिरा शिकलो, त्यांनी मला चांगलंच ऐकवलं.

दादांकडं आता काम जोरात आहे. गेटवर ट्रकांची रांग, ऑफिसात नवीन सोफा, रिसेप्शनला काच. पुढच्या आठवड्यात रिन्यूअल आहे म्हणून काल रात्री त्यांचं खातं उघडून बसलो होतो. मालकाचं शेवटचं लॉगिन चार महिन्यांपूर्वीचं. जेवणाच्या दोन पाळ्या बहुतेक परत एक झालेल्या दिसतात, एक ते दोनमध्ये ह्या महिन्यात त्रेसष्ट फोन सुटलेत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आज दुपारी पाठवणार होतो, पण तेव्हा दीड वाजला होता.