लिंबाचं झाड जुलैत हलवायचं, पण चर फेब्रुवारीत खणायचा

पावसाळ्यात झाड काढून दुसरीकडे लावलं की लागतंच, असं सर्रास समजतात. रोपाचं तसं होतं. पाच-सहा वर्षांचं, फळं धरणारं कागदी लिंबू मात्र बहुधा वाळतं, कारण पाणी ओढणारी बारीक पांढरी मुळी खोडापासून लांब असते आणि ती जुन्या खड्ड्यातच तुटून राहते. ती आधी खोडाजवळ फुटवून घ्यावी लागते.

खोड 5 सेंमी जाड असेल तर खोडापासून 25 सेंमीवर, 20 सेंमी रुंद आणि 45 सेंमी खोल चर घ्या. फेब्रुवारीच्या मध्यावर अर्ध्या घेराचा आणि मार्चअखेर उरलेल्या अर्ध्याचा. पूर्ण घेर एकदम कापला तर झाड उन्हाळा काढत नाही. जाड मुळं धारदार कात्रीने कापा, कुदळीने चेचू नका. चरात निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत भरून ओल टिकवा. जूनपर्यंत तिथे पांढऱ्या मुळ्यांचं जाळं होतं.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. उचलताना लोक चराच्या आतल्या रेषेवरच खणतात आणि चार महिन्यांची मुळी कापून टाकतात. चराच्या मधोमध, म्हणजे खोडापासून 35 सेंमीवर खणा. हुंडी, म्हणजे मुळांसकट निघणारा मातीचा गोळा, साधारण 70 सेंमी रुंद होते आणि ओल्या मातीसह वजन दोनशे किलोंच्या पुढे जातं. बुंध्याला धरून उचललं की हुंडी फुटते. गोणपाट आणि सुतळीने घट्ट आवळून पत्र्यावरून ओढत न्या. काळी माती चिखल असताना हात लावू नका, दोन दिवस उघडीप मिळू द्या.

नवा खड्डा दीड मीटर रुंद हवा, खोली मात्र हुंडीएवढीच. जास्त खोल केला तर झाड खचतं, डोळा, म्हणजे कलमाचा जोड, मातीत जातो आणि डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. आदल्या दिवशी खड्ड्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या सकाळीही ते तसंच असेल, तर झाड वीतभर उंचवट्यावर लावा. खोडाची उत्तरेची बाजू रंगाने खुणावून तशीच ठेवा आणि खोडाला चुना लावा, नाहीतर सावलीतली साल उन्हाने तडकते.

एक तृतीयांश फांद्या आणि सगळी फळं काढा. पाणी हुंडीवरच, पण बुंध्याला न लागता द्या: पहिल्या दिवशी 40 लिटर, मग उघडीप असेल तेव्हा तिसऱ्या दिवशी 20. भोवतीची माती ओली आणि हुंडी आतून कोरडी, असं फार वेळा होतं; काडी खुपसून तपासा. रासायनिक खत तीन महिने नको.

पंधरवड्यात पानं गळू लागली तर घाबरू नका, पान गाळायला फांदी जिवंत असावी लागते. पानं वाळून फांदीलाच चिकटून राहिली तर नखाने साल खरवडा आणि हिरवं लागेल तिथपर्यंत छाटा.